उत्तर बरोबर, रीत चूक : ससा-लिंक्सच्या आलेखाची एक तपासणी

गणिताचे पेपर तपासताना एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येतो. मुलाचं उत्तर बरोबर असतं, पण रीत चुकलेली असते. मधेच कुठेतरी दोन चुका एकमेकींना खोडतात आणि शेवटी नेमका हवा तो आकडा खाली उतरतो. अशा वेळी गुण किती द्यायचे यावर शिक्षकांच्या खोलीत वाद होतात. पण रीत चुकली आहे हे मुलाला सांगायलाच हवं, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नसतं.

जीवशास्त्राच्या पुस्तकांत असंच एक चित्र आहे. त्याचं उत्तर बरंचसं बरोबर आहे, रीत मात्र चुकलेली आहे. कित्येक दशकं ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आलं आहे. मी स्वतः ते बरीच वर्षं फळ्यावर काढत आले. पुस्तकांचं परीक्षण होतं, नाटकांचं होतं; मग ज्या एका आलेखाने विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ‘निसर्गाचा समतोल’ शिकवला, त्याचं परीक्षण का होऊ नये? ते आज करू या.

चित्र तुम्ही पाहिलेलं असेल. आडव्या अक्षावर १८४५ ते १९३५ ही वर्षं, उभ्या अक्षावर हजारांत मोजलेली संख्या. दोन नागमोडी रेषा. एक स्नोशू सशाची, दुसरी लिंक्सची. साधारण दर दहा वर्षांनी सशांची रेषा उंच चढते आणि कोसळते, आणि तिच्या मागोमाग एक-दोन वर्षांनी लिंक्सची रेषाही चढते आणि कोसळते. खाली स्पष्टीकरण असतं: ससे वाढले की त्यांना खाणारे लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे संपत जातात, ससे संपले की लिंक्स उपाशी मरतात, लिंक्स कमी झाले की ससे पुन्हा वाढतात. गोष्ट कशी अगदी वर्तुळासारखी पूर्ण.

एका वर्षी हे वर्तुळ फळ्यावर पूर्ण करून मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, पण मधल्या काळात ससे काय खातात?” मी म्हटलं, “झाडपाला.” ती म्हणाली, “मग तो कमी नाही का पडत?” तिच्या घरी शेळ्या होत्या. शेळ्या वाढल्या की आधी काय संपतं, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नव्हतं. मला उत्तर आलं नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर चित्रात झाडपाल्याची रेषाच नव्हती.

चित्र आलं कुठून?

आधी या दोन प्राण्यांची ओळख करून घेऊ. स्नोशू ससा उत्तर अमेरिकेच्या थंड जंगलांत राहतो. बर्फावरून चालताना पाय रुतू नयेत म्हणून तिथली माणसं पायाला जाळीदार, रुंद पादत्राणं बांधतात. या सशाचे मागचे पाय तसेच रुंद आणि केसाळ असतात, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात तो तपकिरी असतो, हिवाळ्यात पांढरा होतो. वजन दीड किलोच्या आसपास. लिंक्स म्हणजे कानांच्या टोकांवर केसांचे झुबके असलेलं, आखूड शेपटीचं, लांब पायांचं मोठं रानमांजर. आपल्याकडे लडाखमध्ये लिंक्सची एक जात आहे. कॅनडातली जात वेगळी, आणि तिचं पोट जवळजवळ सर्वस्वी या एका सशावर अवलंबून असतं.

आता आकड्यांकडे. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी कॅनडाच्या उत्तरेकडून कातडी विकत घेऊन लंडनच्या बाजारात विकत असे. दरवर्षी कोणत्या ठाण्यावर कोणत्या प्राण्याची किती कातडी आली, याच्या नोंदी कंपनीच्या वह्यांत काटेकोरपणे ठेवलेल्या होत्या. इंग्लंडमधले परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२४ साली प्राण्यांच्या संख्येतल्या नियमित चढउतारांवर एक निबंध लिहिला आणि १९२५ पासून काही वर्षं ते या कंपनीचे सल्लागार होते. हिशोबाच्या वह्यांतून निसर्गाचा इतिहास वाचता येईल, ही त्यांची दृष्टी खरोखर असामान्य होती. १९४२ साली त्यांनी मेरी निकोल्सन यांच्याबरोबर लिंक्सच्या दहा वर्षांच्या चक्रावर जो निबंध लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

त्याआधी, १९३७ साली, टोरांटो विद्यापीठाने मॅक्लुलिच यांचा सशांच्या संख्येवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. आपला आलेख मुळात त्यातला. १९५३ साली यूजीन ओडम यांनी परिसरशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकात तो पुन्हा काढला. ओडम यांचं पुस्तक आपल्याकडच्या पदवीच्या वर्गांतही पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. चित्राचा प्रवास असा झाला.

दरम्यान लोटका यांनी १९२५ मध्ये आणि व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये, स्वतंत्रपणे, भक्षक आणि भक्ष्य यांच्या संख्येची समीकरणं मांडली होती. ती सोडवली की दोन नागमोडी रेषा मिळतात, एकीच्या मागे दुसरी. इकडे समीकरणातून निघालेल्या दोन रेषा, तिकडे वह्यांतून निघालेल्या दोन रेषा. जोडी जमली! पुस्तक लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

चित्राचे गुण, आणि पहिली शंका

परीक्षण करताना गुण आधी सांगावेत. हे चित्र बनावट नाही. स्नोशू सशांची संख्या साधारण आठ ते अकरा वर्षांच्या अंतराने खरोखरच चढते आणि कोसळते. शिखराच्या वर्षी ती नीचांकाच्या वर्षापेक्षा पाच ते पंचवीस पट असू शकते. लिंक्सची संख्याही तिच्यामागे हलते. प्राण्यांच्या संख्येची इतकी लांब नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. शिवाय चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

पण या रेषा कशाच्या आहेत? त्या सशांच्या आणि लिंक्सच्या नाहीत, कातड्यांच्या आहेत. कातडं आपण होऊन दुकानात येत नाही. त्यासाठी कुणीतरी हिवाळ्यात सापळा लावावा लागतो. हे काम करणारे बहुतेक क्री, डेने, ओजिब्वे अशा तिथल्या मूळच्या जमातींचे लोक होते. लिंक्सचं कातडं महाग, सशाचं स्वस्त. कोणत्या वर्षी कशामागे किती जण लागले, भाव काय होता, वस्तीत साथ आली होती का, यांवरही कातड्यांची संख्या अवलंबून होती. त्यातच ससा हे या लोकांचं स्वतःचंही अन्न. ससे संपले की सापळे लावण्यापेक्षा पोटासाठी मासे किंवा मोठी शिकार शोधणं भाग पडे. म्हणजे ज्यांच्या कष्टावर ही रेषा उभी आहे, ती माणसंही या चक्राचाच भाग होती. चित्रात त्यांचा मागमूसही नाही.

दुसरी गोष्ट. सशांचे आकडे मुख्यतः हडसन उपसागराच्या बाजूच्या प्रदेशातले आहेत, लिंक्सचे आकडे त्याहून पश्चिमेकडे पसरलेल्या कितीतरी मोठ्या प्रदेशातून आलेले आहेत. सशांच्या रेषेचा सुरुवातीचा भाग कातड्यांवरून काढलेला आहे, तर नंतरचा प्रश्नावल्या पाठवून मिळवलेल्या अंदाजांवरून. एका गावाचा पाऊस आणि दुसऱ्या गावाचं पीक एकाच कागदावर काढून ‘पाहा, संबंध दिसतो’ म्हणण्यासारखं हे झालं. संबंध असेलही, पण तो अशा कागदावरून सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट तर गमतीची आहे. १९७३ साली मायकेल गिल्पिन यांनी हे आकडे घेऊन समीकरणांत घातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांत उलटाच क्रम दिसत होता. लिंक्सचं शिखर आधी, सशांचं नंतर! समीकरणांच्या भाषेत याचा अर्थ असा, की ससे लिंक्सना खात आहेत. गिल्पिन यांनी निबंधाला शीर्षकच दिलं: ‘ससे लिंक्सना खातात काय?’ त्यांना अर्थातच तसं म्हणायचं नव्हतं. हे आकडे समीकरणाचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, हे त्यातून उघड झालं. ही टीका होऊन पन्नासहून अधिक वर्षं लोटली. तरी चित्र पुस्तकांत छापलं जातच राहिलं.

चित्रात नसलेलं झुडूप

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी जंगलात जायला हवं.

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या युकॉन प्रदेशात क्लुआनी नावाचं मोठं सरोवर आहे. भोवती पांढऱ्या स्प्रूसचं सूचिपर्णी जंगल. हे जंगल आपल्या सह्याद्रीतल्या रानासारखं दाट नाही. स्प्रूस विरळ उभे असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत कमरेपर्यंत, कुठे डोक्यापर्यंत झुडपं माजलेली असतात. त्यात मुख्य तीन. एक करडा विलो. आपल्याकडे ओढ्याकाठी, नदीकाठी वाळुंज उगवतो, तो याच कुळातला. दुसरा बुटका बर्च, ज्याच्या कोवळ्या फांद्यांवर राळेचे बारीक कण असतात. तिसरं सोपबेरी. हिच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन बांधणारे सूक्ष्मजीव राहतात, आणि हिची फळं खाऊन तिथली अस्वलं हिवाळ्यासाठी चरबी साठवतात.

सशाच्या दृष्टीने ही झुडपं म्हणजे काय? मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. पाळीव पांढरा ससा ज्या जातीतून आला, ती जात जमिनीत बिळं करून राहते. स्नोशू ससा, आपल्या माळावरच्या सशासारखाच, बीळ करत नाही. तो झुडपाच्या बुंध्याशी, खाली झुकलेल्या फांद्यांच्या आडोशाला बसतो. त्याचं घर म्हणजे झुडूप. आणि हिवाळ्यात, गवत आणि पाला बर्फाखाली गेल्यावर, बर्फाच्या वर उरतात त्या फक्त काड्या. म्हणजे त्याचं अन्नही झुडूपच. त्यातही तो पेन्सिलीपेक्षा बारीक टोकं कुरतडतो, कारण जाड फांदीत पोषण कमी आणि लाकूड जास्त. बर्फाचा थर चढत जातो तसा ससाही वर उचलला जातो आणि त्याचे दात वरच्या फांद्यांपर्यंत पोहोचतात.

झुडूपही हे सगळं मुकाट्याने सोसत नाही. अलास्का विद्यापीठातल्या जॉन ब्रायंट यांनी १९८१ साली दाखवलं, की तिथल्या बर्च, अ‍ॅस्पेन वगैरे झाडांवर तोड झाल्यानंतर जे नवे धुमारे फुटतात, त्यांच्यात राळ आणि इतर कडवट द्रव्यांचं प्रमाण पुष्कळ जास्त असतं, आणि ससे त्यांना तोंड लावत नाहीत. सशांचं चक्र या कडू धुमाऱ्यांमुळेच चालत असेल, अशी कल्पना त्यातून पुढे आली. मुख्य कारण म्हणून ती पुढे टिकली नाही. पण झुडूप म्हणजे नुसती खाद्याची टोपली नव्हे, तेही या व्यवहारातला एक भागीदार आहे, हे पक्कं झालं.

झाडं सशांची नोंदही ठेवतात, आणि ती नोंद मला हडसन्स बे कंपनीच्या वह्यांपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. शिखराच्या वर्षी भुकेले ससे स्प्रूसची लहान रोपंही कुरतडतात. रोप जगलं तर त्या वर्षीच्या वाढीच्या वलयात एक गडद खूण राहते. सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली युकॉनमधल्या स्प्रूसच्या अशा खुणा मोजून प्रसिद्ध केल्या. त्यांतली सर्वांत जुनी झाडं १७५१ च्या सुमारास रुजलेली होती. या खुणांची संख्या कातड्यांच्या नोंदींशी जुळत गेली. सापळा लावणारा, व्यापारी, बाजारभाव यांपैकी कुणीही मध्ये नसलेली ही साक्ष. चक्र खरं आहे हे सांगायला एवढी साक्ष पुरते. कारण मात्र तीही सांगत नाही.

कुंपण घालून पाहिलं तेव्हा

कारण शोधायचं तर आलेखाकडे टक लावून बसून चालत नाही, काहीतरी बदलून पाहावं लागतं. अल्बर्टा प्रांतात लॉइड कीथ यांनी अनेक वर्षं निरीक्षणं करून एक अंदाज मांडला होता: आधी हिवाळ्यात खाद्य कमी पडतं, तिथून घसरण सुरू होते आणि मग शिकारी ती पुढे ढकलतात. म्हणजे झुडूप आधी, लिंक्स नंतर. हे खरं का, हे पाहण्यासाठी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले चार्ल्स क्रेब्ज आणि त्यांचे सहकारी यांनी क्लुआनीच्या जंगलात १९८६ ते १९९६ असा प्रयोग केला.

प्रयोगाची मांडणी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण वर्गात सांगण्यासारखी तीच आहे. एकेक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे आखले. काही तुकडे जसेच्या तसे ठेवले. काहींमध्ये सशांसाठी तयार खाद्य भरपूर टाकलं. काहींमध्ये खत टाकलं, म्हणजे झुडपं आणि गवत जोमाने वाढावं. एका तुकड्याभोवती विजेचा झटका देणाऱ्या तारांचं कुंपण घातलं. त्यातून ससे आरपार जाऊ शकत, पण लिंक्स आणि कायोटी आत येऊ शकत नसत. आणि आणखी एका तुकड्यात कुंपणही घातलं आणि खाद्यही टाकलं. उणे तीस-चाळीस अंश तापमानात किलोमीटरच्या किलोमीटर तारा चालू ठेवणं म्हणजे काय, याची कल्पनाच करावी.

निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. शिखर आणि घसरण या काळातली सरासरी घेतली, तर नुसत्या कुंपणाच्या तुकड्यात सशांची संख्या इतर जंगलाच्या साधारण दुप्पट होती. नुसत्या खाद्याच्या तुकड्यात तिप्पट. आणि दोन्ही केलं तिथे? दोन अधिक तीन, पाच? की दोन गुणिले तीन, सहा? अकरापट!

हा एक आकडा वर्गात फळ्यावर लिहावा आणि थांबावं. मुलांना विचार करू द्यावा. शिकारी आणि खाद्य ही दोन कारणं वेगवेगळी काम करत असती, तर उत्तर पाच-सहाच्या आसपास आलं असतं. अकरा आलं, याचा अर्थ ती एकमेकांत गुंतलेली आहेत. दोन रेषांचा आलेख कितीही वेळ पाहिला तरी त्यातून हे अकरा कधीच निघाले नसते, कारण त्या आलेखात झुडपाला जागाच नाही.

या प्रयोगालाही मर्यादा होत्या, त्याही सांगायला हव्यात. खर्चामुळे कुंपणाचे तुकडे एकेकच होते, त्यामुळे योगायोगाची शंका पूर्ण जात नाही. कुंपण घुबडांना आणि बहिरी ससाण्यांसारख्या पक्ष्यांना अडवू शकत नव्हतं. खताच्या तुकड्यांत झुडपं वाढली, पण ससे फारसे वाढले नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे खाद्य भरपूर टाकलेल्या तुकड्यांतही घसरण चुकली नाही. तिथले ससेही वेळ आली तेव्हा कोसळलेच. सशांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून प्रत्येक मृत्यूचा तपास केला, तेव्हा प्रौढ ससे जवळजवळ सगळे शिकाऱ्यांनीच मारलेले निघाले. उपाशी मेलेले फारच थोडे. क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हाही निष्कर्ष असाच निघाला: चक्र मुख्यतः शिकाऱ्यांमुळे चालतं.

म्हणजे आपल्या जुन्या चित्राचं उत्तर बरंचसं बरोबर ठरलं! पण ते चित्राने सिद्ध केलं नव्हतं. कुंपणाने केलं.

भूक आणि भीती

मग उपाशी मरत नसतील, तर खाद्य टाकल्याने ससे तिप्पट का झाले? आणि दोन्ही केल्यावर अकरापट का?

याचं उत्तर पुन्हा झुडपापाशीच सापडतं. डेव्हिड हिक यांनी क्लुआनीत पाहिलं, की शिकारी वाढलेल्या काळात ससे उघड्यावरची चांगली खाद्य-झुडपं सोडून देतात आणि दाट आडोशाला राहून तिथलं निकृष्ट खाद्य खातात. वजन घटतं, पिलं कमी होतात. खाद्य संपलेलं नसतं, पण तिथपर्यंत जाण्याची हिंमत उरत नाही. उलट भुकेने ज्याला बाहेर पडावंच लागतं, तो लिंक्सच्या तोंडी जातो. भूक सशाला उघड्यावर ढकलते आणि भीती त्याला उपाशी ठेवते. मग त्याच्या मृत्यूचं कारण ‘लिंक्स’ लिहायचं की ‘खाद्य’? रकाना एकच असला तर उत्तर अर्धंच राहणार.

यापुढची पायरी मायकेल शेरिफ, क्रेब्ज आणि रुडी बूनस्ट्रा यांनी २००९ साली दाखवली. लेंड्यांची तपासणी करून त्यांनी सशांच्या शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण मोजलं. शिकारी वाढलेल्या वर्षांत ते जास्त होतं आणि अशा माद्यांची पिलं संख्येने कमी, वजनाने हलकी होती. पिंजऱ्यातल्या गाभण माद्यांजवळून, दिवसाआड, एक-दोन मिनिटांसाठी नुसता एक शिकवलेला कुत्रा फिरवला. कुत्र्याने कुणाला दातही लावला नाही, तरी परिणाम तोच. आईचा ताण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. लिंक्स कमी झाल्यावरही ससे दोन-चार वर्षं वर का येत नाहीत, हे कोडं यातून बरंचसं उलगडतं. समीकरणातला लिंक्स फक्त खातो. जंगलातला लिंक्स न खाताही संख्या कमी करतो.

आणखी एक धक्का. सशांची नवजात पिलं सर्वांत जास्त कोण मारतं? क्लुआनीत आढळलं, की तांबड्या खारी आणि जमिनीवरच्या खारी! पुस्तकात ज्यांना आपण बिया आणि पाला खाणारे म्हणून ‘शाकाहारी’च्या रकान्यात टाकतो, त्याच. अन्नसाखळीच्या बाणांबद्दल जरा सावध व्हायला हवं, एवढाच याचा अर्थ.

हे आज का महत्त्वाचं?

‘उत्तर बरोबर आहे ना, मग रीतीचा एवढा आग्रह कशाला?’ असं कुणी विचारील. गणितात आपण जे सांगतो तेच इथेही खरं आहे: पुढचं गणित वेगळं आलं की चुकीची रीत फसवते.

आणि पुढचं गणित आलेलं आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला वृक्षहीन टुंड्रा आहे. तिथे पूर्वी हे ससे नव्हते. हवामान उबदार होत गेलं तशी नद्यांच्या काठची विलोची झुडपं उंच झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला कोलव्हिल नदीच्या काठाने ससे तिथे वसले. अलास्का विद्यापीठातल्या केन टेप आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ससा तिथे पोहोचला, कारण आता हिवाळ्यातही बर्फाच्या वर पुरेशा काड्या उरतात. सशांच्या मागोमाग लिंक्सही गेला. हे दोन रेषांच्या चित्रावरून कुणाला सांगता आलं असतं? ज्या रेषेपासून ही गोष्ट सुरू झाली, तीच तिथे काढलेली नाही.

दक्षिणेकडे वेगळीच अडचण आहे. बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो, पण सशाचा रंग दिवसाच्या लांबीनुसार बदलतो. तपकिरी जमिनीवर पांढरा ससा दुरूनही दिसतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात झालेल्या अभ्यासात असे विजोड रंगाचे ससे जास्त मारले गेल्याचं आढळलं. बर्फ हीसुद्धा चित्रात नसलेली एक रेषाच.

वर्गात काय करावं?

चित्र फेकून द्यावं, असं मी म्हणणार नाही. ते फळ्यावर जरूर काढावं, पण निष्कर्ष म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. मी आता असं करते. आधी दोन रेषा काढते आणि विचारते: हे कुणी मोजलं? कसं? कुठे? मग मुलांना सांगते, की चित्रात ज्यांची रेषा नाही अशांची यादी करा. झुडूप, सापळे लावणारी माणसं, घुबडं, बर्फ अशी नावं निघतात. मग झुडपाची रेषा कशी असेल, ती प्रत्येकाने अंदाजाने काढायची. शिखर सशांच्या आधी येईल की नंतर, यावर वर्गात चांगलं भांडण होतं. मग कुंपणाचा प्रयोग सांगायचा आणि अकराचा आकडा लिहायचा.

युकॉन दूर आहे, पण कुंपण दूर नाही. बहुतेक शाळांना आवार असतं. आवाराच्या आत एखादं बोराचं किंवा बाभळीचं झुडूप असतं, आणि बाहेर, शेळ्यांच्या वाटेवर, त्याच जातीचं दुसरं. दोन्हींच्या वीस-वीस फांद्या निवडून मोजायचं: किती टोकं कुरतडलेली आहेत, काटे किती लांब आहेत, नवे धुमारे किती आणि कुठून फुटले आहेत. दोन तक्ते शेजारी ठेवायचे. फरक दिसला तर लगेच ‘शेळ्यांमुळे’ म्हणायचं नाही. माती, पाणी, सावली सारखी होती का, हे विचारायचं. एकच जोडी मोजून भागेल का, हेही विचारायचं. क्लुआनीतल्या शास्त्रज्ञांना हेच प्रश्न पडले होते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पट्टी आणि वही पुरते.

त्या मुलीला मी त्या दिवशी “पुढच्या तासाला सांगते” म्हटलं होतं. पुढच्या तासाला सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं. हे सगळं वाचायला नंतर बरीच वर्षं गेली, आणि तोपर्यंत ती शाळा सोडून गेली होती. आता दरवर्षी तो आलेख काढताना मी खाली थोडी जागा मोकळी सोडते आणि वर्गाला विचारते, “यात काय राहिलं?” बहुतेक वर्षी कुणीतरी हात वर करतं.